फतेहमैदानातील तीन फेब्रुवारी

हैदराबादच्या ज्या परिसराला आज सारे जण एल. बी. स्टेडियम म्हणतात, त्याला आमच्या घरात शेवटपर्यंत फतेहमैदान हेच नाव होते. १६८७ साली गोवळकोंड्याला वेढा घालून बसलेल्या औरंगजेबाच्या फौजेचा तळ या माळावर होता आणि किल्ला पडल्यानंतर माळाला विजयाचे नाव मिळाले, अशी त्याची हकिकत सांगतात. निजामाच्या अमदानीत येथे घोडे दौडले, पोलो खेळला गेला. पुढे येथे क्रीडांगण बांधले गेले आणि मागाहून त्याला लालबहादूर शास्त्रींचे नाव देण्यात आले. माझे आजोबा नांदेडहून महसूल खात्याच्या चाकरीत येऊन काचीगुड्यात स्थिरावले, तेव्हापासून आमच्या तीन पिढ्यांनी या मैदानाला वळसा घालूनच कचेरी गाठली. त्या आवारात काय चालते याचे आम्हांला फारसे सोयरसुतक नव्हते. क्रिकेटचा सामना असला तर गोष्ट वेगळी.

या मैदानाच्या आवारातील टेनिस संकुलात २००३, २००४ आणि २००५ अशी लागोपाठ तीन वर्षे फेब्रुवारी महिन्यात स्त्रियांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. आंध्र प्रदेशच्या पर्यटन खात्याचे नाव तिच्याशी जोडलेले होते. तिन्ही वर्षी एक स्थानिक मुलगी तीत खेळली. पहिल्या वर्षी ती पहिल्याच फेरीत बाद झाली. दुसऱ्या वर्षीही एकेरीत तेच झाले, मात्र दुहेरीचे विजेतेपद तिने मिळविले. तिसऱ्या वर्षी ती एकेरीची विजेती झाली. सानिया मिर्झा हे नाव आज सर्वांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्या नावाची कथा मागाहून सांगताना सारे कसे ठरल्याप्रमाणे घडले असे वाटू लागते. प्रत्यक्षात कनिष्ठ गटातून व्यावसायिक टेनिसमध्ये जाण्याची वाट इतकी अरुंद आहे, की त्या वाटेवरून गेलेल्यांपेक्षा वाटेतच थांबलेल्यांची यादी कितीतरी लांब भरेल. हैदराबादच्या या मुलीने ती वाट कशी ओलांडली, हे थोड्या तपशिलाने पाहण्याचा येथे विचार आहे.

आरंभी थोडे मागे जावयास हवे, कारण त्यात आपल्या मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याचा एक धागा आहे. तुकोबांच्या गाथेची १८६९ सालची ‘इंदुप्रकाश’ची प्रत आपल्यापैकी काहींच्या घरी अजून असेल. त्या संपादनाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते शंकर पांडुरंग पंडित हे गाढे संस्कृत पंडित. त्यांची कन्या क्षमाबाई राव. ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदास या तिघांची चरित्रे संस्कृत पद्यात लिहिणाऱ्या या विदुषी टेनिसही उत्तम खेळत, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्यांची मुलगी लीला राव १९३४ साली विम्बल्डनच्या एकेरीत पहिला सामना जिंकली. ग्लॅडिस साउथवेल या इंग्रज खेळाडूविरुद्ध पहिला सेट गमावून, दुसरा १०-८ असा खेचून तिने हा विजय मिळविला. विम्बल्डनला सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनच्या हिरवळीवर, ही वंशावळ मला फार लोभस वाटते. पण लीलाबाईंचा काळ हौशी खेळाडूंचा होता. ज्यांना घरची ददात नाही, इंग्लंडची सफर परवडते, खेळून एक पैही मिळवावयाची नाही, अशांचा तो खेळ होता. खेळावर उदरनिर्वाह करावयाचा हा विचार तेव्हा कुलीन समजला जात नसे. मोठ्या स्पर्धांची दारे व्यावसायिकांना खुली झाली ती १९६८ साली.

त्यानंतरही आपल्याकडील स्त्रियांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. १९९८ साली मेलबर्नला निरुपमा वैद्यनाथन या कोइम्बतूरच्या खेळाडूने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मुख्य फेरीतील एक सामना जिंकला, तेव्हा खुल्या युगातील भारतीय स्त्रीचा ग्रँड स्लॅम एकेरीतील पहिला विजय म्हणून त्याची नोंद झाली. जागतिक क्रमवारीत त्या जास्तीत जास्त १३४ व्या स्थानापर्यंत पोहोचल्या. आकडा ऐकावयास किरकोळ वाटतो. परंतु बव्हंशी एकटीने प्रवास करून, पदरमोड करून मिळविलेले ते स्थान होते.

कनिष्ठ गटात मात्र आपली मुले पूर्वीपासून चमकत आली होती. रामनाथन कृष्णन १९५४ साली विम्बल्डनच्या मुलांच्या गटाचे विजेते झाले, त्यांचे चिरंजीव रमेश १९७९ साली, आणि लिएंडर पेस १९९० साली. रिटा दावर १९५२ साली मुलींच्या गटात अंतिम फेरीपर्यंत गेल्या होत्या. म्हणजे अठरा वर्षांखालील वयात जगाच्या तोडीस तोड उभे राहण्याची कुवत येथे होती. त्यापुढे काय होते हा खरा प्रश्न.

सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ चा, मुंबईचा. कुटुंब लवकरच हैदराबादेस परतले. भारताचे एकेकाळचे क्रिकेट कर्णधार, ऑफस्पिनर गुलाम अहमद हे या घराण्याच्या नात्यातले. वडील इम्रान मिर्झा क्रिकेटची आवड असलेले, क्रीडापत्रकारितेचा अनुभव असलेले गृहस्थ. सहाव्या वर्षी आई नसीमा मुलीला निजाम क्लबात टेनिस शिकवावयास घेऊन गेल्या, तेव्हा प्रशिक्षकांनी मुलगी फार लहान आहे, रॅकेटही पेलणार नाही, म्हणून आढेवेढे घेतले. महिन्याभराने त्यांनीच आईवडिलांना बोलावून मुलीचा खेळ पाहावयास सांगितले, ही गोष्ट त्या घराने अनेकदा सांगितली आहे. पुढे काही काळ महेश भूपतीच्या वडिलांचे मार्गदर्शन आणि सिकंदराबादच्या अकादमीतील सराव झाला. तरी कायमचा प्रशिक्षक राहिला तो बापच.

कोर्टे कशी होती हेही सांगितले पाहिजे. सानियाने स्वतः सांगितले आहे की तिच्या लहानपणी ती शेणाने सारवलेल्या कोर्टांवर खेळे. आपल्या वाचकांतील ज्येष्ठांना सारवलेल्या अंगणाची कल्पना देण्याचे कारण नाही. त्यावर चुन्याच्या रेघा ओढल्या की कोर्ट तयार. त्यावर चेंडू फारसा उसळत नाही, घसरत पुढे येतो, आणि खेळाडूला तो लवकर, खाली वाकून, मनगटाच्या झटक्याने मारावा लागतो. सानियाचा फोरहँड पुढे जगभर गाजला, त्यात लवचीक मनगटाचा वाटा मोठा होता असे जाणकार म्हणत. त्या झटक्याची मुळे सारवणात शोधावीत की जन्मजात देणगीत, हे मी ठरवू शकत नाही. परंतु ज्या सिमेंटच्या आणि रबरी थराच्या कोर्टांवर जगाचे टेनिस चालते, ती या मुलीला सहजी मिळाली नव्हती एवढे निश्चित.

१९९९ साली तिने जाकार्ता येथील जागतिक कनिष्ठ स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. कनिष्ठ गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तिने पुढे एकेरीची दहा आणि दुहेरीची तेरा विजेतेपदे मिळविली. २००२ च्या बुसान आशियाई क्रीडास्पर्धेत लिएंडर पेसबरोबर मिश्र दुहेरीचे कांस्यपदक मिळाले तेव्हा ती सोळा वर्षांचीही नव्हती. मग ६ जुलै २००३ च्या सुमारास वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर तिचे छायाचित्र झळकले. विम्बल्डनमध्ये मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद. जोडीदार रशियाची अलिसा क्लेबानोव्हा, प्रतिस्पर्धी चेक प्रजासत्ताकाची कातेरझिना बोमोव्हा आणि नेदरलँड्सची मिकाएला क्रायचेक. पहिला सेट २-६ असा गमावून पुढचे दोन ६-३, ६-२ असे जिंकले.

या चार मुलींचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. क्लेबानोव्हा त्या दिवशी चौदा वर्षांचीही झालेली नव्हती. ती २०११ साली एकेरीत जगात विसाव्या स्थानावर पोहोचली, आणि त्याच वर्षी तिला लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार घेऊन ती कोर्टावर परतली, पण पूर्वीचे स्थान पुन्हा गाठू शकली नाही. क्रायचेक ही १९९६ चा विम्बल्डन विजेता रिचर्ड क्रायचेक याची सावत्र बहीण. ती तिसाव्या स्थानापर्यंत गेली, मग दुखापतींनी गाठले आणि ती मुख्यतः दुहेरीत रमली. बोमोव्हा ही स्वतः टेनिसपटू असलेल्या आईची मुलगी, तरी एकेरीत तिचे मोठे नाव झाले नाही. विम्बल्डनची कनिष्ठ अंतिम फेरी खेळलेल्या मुलींची ही कथा. ज्या पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरल्या त्यांची नावे आता कोणी काढीत नाही.

असे का होते, याचे उत्तर व्यवस्थेत आहे. कनिष्ठ स्पर्धांचे गुण व्यावसायिक क्रमवारीत चालत नाहीत. तेथे प्रत्येकीला शून्यापासून आरंभ करावा लागतो. व्यावसायिक क्रमवारी म्हणजे गेल्या ५२ आठवड्यांत मिळविलेल्या गुणांचा हिशेब. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळालेले गुण या आठवड्यात गळून पडतात. आमच्या कोषागारातील भाषेत सांगावयाचे तर मार्चअखेर वर्षातून एकदा नव्हे, दर सोमवारी येते. मोठ्या स्पर्धेत प्रवेश हवा तर क्रमांक हवा, क्रमांक हवा तर गुण हवेत, आणि गुण मिळावयाचे तर स्पर्धेत प्रवेश हवा. या चक्रात शिरण्याचे दार म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धा. त्या काळी त्यांतील सर्वांत खालच्या स्पर्धेत बक्षिसाची एकूण रक्कम दहा हजार डॉलर असे. विजेतीच्या हाती सुमारे दीड हजार डॉलर पडत आणि पहिल्या फेरीत हरणारीला शंभर डॉलरच्या आसपास. त्यात विमानभाडे, मुक्काम, आईचे किंवा वडिलांचे भाडे, रॅकेटच्या तारा, फिजिओ. अशा वीस-पंचवीस स्पर्धा वर्षाकाठी खेळाव्यात तेव्हा क्रमवारीत नाव दिसू लागते. हा खर्च तीन-चार वर्षे सोसण्याची ताकद किंवा सोसणारा पाठीराखा ज्याच्याजवळ नाही, त्याची मुलगी कनिष्ठ विजेती होऊन घरी बसते. सानियाला शालेय वयातच हैदराबादच्या जीव्हीके उद्योगसमूहाचे पाठबळ लाभले, ही गोष्ट तिच्या फोरहँडइतकीच महत्त्वाची मानावयास हवी.

आणखी एक नियम मध्ये येतो. अमेरिकेची जेनिफर कॅप्रिआटी १९९० साली चौदावे वर्ष पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली आणि काही वर्षांत तिचे जे झाले ते पाहून स्त्रियांच्या संघटनेने १९९५ पासून वयाची बंधने घातली. अठरा पूर्ण होईपर्यंत एका वर्षात किती व्यावसायिक स्पर्धा खेळता येतील याला मर्यादा आली. नियम हिताचा आहे. परंतु ज्या मुलीला छोट्या स्पर्धांचे डोंगर चढूनच वर यावयाचे आहे, तिला तो जाचतोही. सानियाने अठरावे वर्ष ओलांडले नोव्हेंबर २००४ मध्ये, आणि तिची मोठी झेप आहे त्यानंतरच्या बारा महिन्यांतली. दोहोंचा संबंध किती जोडावा हे वाचकांनी ठरवावे.

आता फतेहमैदानाकडे येतो. अशा स्पर्धेच्या मुख्य तक्त्यात बहुतेक जागा क्रमवारीनुसार भरतात, काही पात्रता फेरीतून येतात, आणि थोड्या जागा आयोजकांच्या हाती असतात. त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. सरकारी नोकरीत ज्याला स्वेच्छाधिकार म्हणतात तोच हा प्रकार. स्वेच्छाधिकाराने आमच्या खात्यांत काय काय घडते हे मी तेहतीस-चौतीस वर्षे पाहिले आहे, त्याविषयी येथे न बोललेले बरे. पण हा एक स्वेच्छाधिकार सत्कारणी लागला. हैदराबादेत ही स्पर्धा नसती, तर सोळा वर्षांच्या, क्रमवारीत कोठेतरी खाली असलेल्या मुलीला त्या पातळीच्या मुख्य तक्त्यात कोणी उभे केले असते? दुसऱ्या देशातील आयोजक आपल्या देशाच्या मुलीला कार्ड देतात, परक्या नव्हे. हा हिशेब साधा आहे, आणि आपल्या क्रीडाधोरणात तो अजूनही पुरता उमगलेला दिसत नाही.

फेब्रुवारी २००३ मध्ये ती रशियाच्या येवगेनिया कुलिकोव्स्कायाकडून पहिल्या फेरीत हरली. विजेतेपद थायलंडच्या तमारिन तनासुगर्नने नेले. बातमी आतल्या पानावर आली. त्याच जुलैत विम्बल्डन झाले, आणि ऑक्टोबरअखेर हैदराबादेतच आफ्रो-आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्या स्पर्धांच्या व्यवस्थेसाठी निरनिराळ्या खात्यांतून जे अधिकारी उसने घेतले गेले त्यांत मीही होतो. खेळाडूंच्या बसगाड्यांच्या वेळा सांभाळणे हे माझे काम. सानियाने त्या स्पर्धांत चार सुवर्णपदके मिळविली. त्यांपैकी एकही सामना मला पूर्ण पाहता आला नाही, कारण बस निघण्याची वेळ झालेली असे.

माझ्या या धावपळीने जिला सर्वांत आनंद झाला ती माझी मुलगी. ती तेव्हा चौदाची होती, दोन-तीन वर्षांपासून टेनिस खेळत होती, राज्य पातळीवरच्या वयोगटात काही सामने जिंकून आलेली होती. ओळखपत्रामुळे मला तिला सरावाच्या कोर्टांपर्यंत नेता आले. तिने सानियाला अगदी जवळून सर्व्हिसचा सराव करताना पाहिले. घरी येऊन आईला काय सांगितले असेल तर एवढेच, की तिच्याही पायाला आपल्यासारखाच फोड आहे.

फेब्रुवारी २००४ मध्ये सानिया पुन्हा पहिल्याच फेरीत हरली, पण ऑस्ट्रेलियाच्या निकोल प्रॅटकडून, आणि स्पर्धा शेवटी प्रॅटनेच जिंकली. दुहेरीत दक्षिण आफ्रिकेच्या लीझेल ह्यूबरबरोबर खेळून तिने विजेतेपद मिळविले. अंतिम सामन्यात हरविलेली जोडी चीनच्या ली तिंग आणि सुन तियानतियान यांची होती. या दोघींनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये दुहेरीचे सुवर्णपदक पटकाविले. ते वाचल्यावर फतेहमैदानातील त्या संध्याकाळची किंमत आम्हांला कळली. त्या वर्षात सानियाने महासंघाच्या छोट्या स्पर्धांतून एकेरीची सहा विजेतेपदे मिळविली. गाजावाजा न झालेले हे सहा विजय मला विम्बल्डनच्या कनिष्ठ विजयाहून मोठे वाटतात. रिकाम्या कोर्टांवर, दूरच्या गावी, आपल्यापेक्षा वयाने मोठ्या आणि गुणांसाठी तितक्याच भुकेल्या बायकांविरुद्ध ते मिळविलेले होते. तरीही २००४ संपताना क्रमवारीत ती दोनशेच्या पलीकडेच होती.

२००५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धेचे वाइल्ड कार्ड मिळाले. सिंडी वॉटसन आणि पेत्रा मांडुला यांना हरवून ती तिसऱ्या फेरीत पोहोचली. ग्रँड स्लॅम एकेरीत तिसरी फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. समोर सेरेना विल्यम्स होती. पहिला सेट १-६ असा पंधरा-वीस मिनिटांच्या पावसासारखा कोसळला. दुसऱ्यात मात्र मुलीचे हात मोकळे झाले आणि तो ४-६ असा झुंजून गेला. आमच्या कचेरीत त्या दिवशी दूरचित्रवाणी संच कोणाच्या आदेशाने सुरू झाला याची नंतर चौकशी झाली नाही.

तीन आठवड्यांनी तिसरा फेब्रुवारी उजाडला. शनिवार, १२ तारीख. फतेहमैदानात अंतिम सामना सानिया आणि युक्रेनची अल्योना बोंदारेन्को यांचा. मी आणि माझी मुलगी वरच्या रांगेत बसलो होतो. जागा मिळविण्यासाठी मला जुन्या ओळखी उकराव्या लागल्या. हैदराबादची गर्दी क्रिकेटची, तिला टेनिसचे शिष्टाचार ठाऊक नाहीत. गुण चालू असतानाच आरडाओरडा, पंच विनवण्या करीत आहेत, आणि आमच्या मागचे एक वृद्ध खानसाहेब दर चुकीच्या सर्व्हिसला ‘या अल्लाह’ म्हणून कपाळावर हात मारीत आहेत. तिची दुसरी सर्व्हिस हा तिचा कच्चा दुवा होता, आणि तो पुढेही राहिला. पहिला सेट ६-४, दुसरा ५-७ गेला, तेव्हा गर्दी एकदम गप्प झाली. तिसरा ६-३. व्यावसायिक मालिकेतील एकेरीचे विजेतेपद मिळविणारी पहिली भारतीय स्त्री. मी सहसा उठून उभा राहणाऱ्यांपैकी नाही, पण त्या दिवशी राहिलो. खानसाहेबांनी मला मिठी मारली. आमची ओळख झाली नाही.

माझी मुलगी मात्र बसून होती. येथे मला जे सांगावयाचे आहे ते या विषयाला सोडून नाही. आदल्या दसऱ्यापासून तिचे टेनिस बंद झाले होते. ती दहावीला होती. हैदराबादेत ज्यांनी त्या काळात मुले वाढविली त्यांना दहावीनंतरचे ‘इंटर’ आणि एमसेट म्हणजे काय हे सांगावयास नको. एका नावाजलेल्या क्लासमध्ये जानेवारीतच जागा राखून ठेवावी लागली होती आणि पहिला हप्ता भरून झाला होता. पहाटे चारला उठून अभ्यास करावयाचा, तर पहाटे पाचला कोर्टावर कोण जाणार? मी तिला रागावलो नव्हतो की सक्ती केली नव्हती. आम्ही दोघांनी, सौ.ने आणि मी, तिला समजाविले होते. आमच्या घराण्यात तीन पिढ्या पगाराची नोकरी आणि पेन्शन यांवर उभ्या राहिल्या. ज्या धंद्यात दर सोमवारी नवा हिशेब मांडला जातो त्यात मुलीला ढकलण्याची छाती मला झाली नाही. तिची कुवत सानियाची होती असे मी म्हणत नाही, बहुधा नव्हती. परंतु ती होती की नव्हती हे पाहण्याइतका काळ आम्ही तिला दिला नाही, हे खरे. इम्रान मिर्झांनाही आपल्या मुलीची कुवत सहाव्या किंवा बाराव्या वर्षी ठामपणे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी ठाऊक नसताना पाऊल टाकले. आपल्या मध्यमवर्गाने खेळाडू का घडविले नाहीत याची कारणे आपण सरकारी अनास्थेत शोधतो. मी सरकारात होतो म्हणून सांगतो, सगळीच कारणे तेथे सापडत नाहीत.

पुढची हकिकत सर्वपरिचित असल्याने थोडक्यात देतो. मार्चमध्ये दुबईला तिने अमेरिकन स्पर्धेची तत्कालीन विजेती स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हा हिला ६-४, ६-२ असे सरळ हरविले. सप्टेंबरात अमेरिकन स्पर्धेच्या चौथ्या फेरीत पोहोचून ती मारिया शारापोव्हाकडून हरली. वर्षअखेर क्रमवारीत ३१ वे स्थान. दोनशेच्या पलीकडून एकतीसपर्यंत एका वर्षात. त्याच सुमारास काही मौलवींनी तिच्या खेळाच्या पोशाखावर आक्षेप घेतला आणि कोलकात्याच्या स्पर्धेत तिला पोलीस पहाऱ्यात खेळावे लागले. अठरा वर्षांच्या मुलीने त्या गदारोळात रॅकेट खाली ठेवली नाही, ही गोष्ट कुझ्नेत्सोव्हावरील विजयाच्या पंक्तीत बसविण्यासारखी आहे. ऑगस्ट २००७ मध्ये ती २७ व्या स्थानावर गेली. एकेरीतील तेच तिचे शिखर. मनगटाच्या आणि गुडघ्याच्या दुखापतींनी पुढे एकेरी सोडावयास लावले, आणि मग दुहेरीने तिला जे दिले ते विलक्षण होते. एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिले स्थान मिळाले. मार्टिना हिंगिसबरोबर २०१५ चे विम्बल्डन आणि अमेरिकन, २०१६ चे ऑस्ट्रेलियन, शिवाय मिश्र दुहेरीची तीन अशी सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे तिच्या नावावर आहेत. जिच्या मनगटाने नाव दिले त्याच मनगटाने अर्ध्यावर दगा दिला, आणि तरी तिने दुसरे दार शोधले.

फतेहमैदानातील ती स्पर्धा मात्र २००५ नंतर येथे राहिली नाही. २००६ पासून ती बंगळूरला भरू लागली, आणि काही वर्षांत तेथूनही गेली. ज्या जिन्यावरून एक मुलगी चढून गेली तो जिना तिच्यामागे कोणी काढून नेला, असा आरोप मी करीत नाही. स्पर्धा भरविणे खर्चाचे काम आहे, पुरस्कर्ते येतात आणि जातात. त्या काळातील नस्त्या पाहणाऱ्या एका सहकाऱ्याने मला सांगितले होते की प्रश्न पैशाचाही तितका नव्हता, पाठपुरावा करणारे कोणी उरले नव्हते. यावर माझा विश्वास बसतो.

सानिया व्यावसायिक टेनिसमधून निवृत्त झाली तीही फेब्रुवारीतच, २०२३ साली, दुबईला. त्यानंतर ५ मार्च रोजी फतेहमैदानातच तिच्या निरोपाचे प्रदर्शनीय सामने ठेवण्यात आले. रोहन बोपण्णा आला होता, अमेरिकेची बेथनी मॅटेक-सँड्स आली होती. माझी मुलगी त्या आठवड्यात पुण्याहून माहेरी आलेली होती. ती आता एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, एमसेटने तिचे काही वाईट केले नाही. सहा वर्षांच्या नातीला घेऊन आम्ही तिघे गेलो. वीस वर्षांपूर्वीच्या त्या रांगेत बसावयाचे माझ्या मनात होते, पण गुडघ्यांनी ऐकले नाही. खालीच बसलो. सानियाचा मुलगा धावपळ करीत होता, आणि तो पाहून नातीला सामन्यापेक्षा अधिक मौज वाटत होती.

परतताना आबिड्सच्या चौकात गाडी सिग्नलला थांबली, तेव्हा मुलीने सहज विचारावे तसे विचारले, ‘‘बाबा, त्या वर्षी क्लासचा पहिला हप्ता किती भरला होतात तुम्ही?’’

‘‘अठरा हजार,’’ मी म्हणालो. मला आकडा लक्षात होता.

ती हसली, आणि मागच्या आसनावर झोपलेल्या मुलीच्या अंगावर तिने शाल ओढली.